चुंचीच्या नाण्याचं मोल

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंची. नाक लांब, डोळे बारीक. दिसायचं कमी, हुंगायची फार. बांधाखाली तिचं बीळ. बिळात तीन पिल्लं. तिन्ही भुकेली.

एकदा सकाळी चुंची माती उकरत होती. खर खर खर! मातीतून निघालं एक नाणं. जुनं, पिवळं, जड.

"सोन्याचं असेल का गं बाई? सोन्याचं असेल तर पिल्लांना दाणे मिळतील!"

नाणं धरलं तोंडात आणि निघाली. तुरुतुरु, चुं चुं!

धोंडूशेट सोनार दुकानात बसला होता.

"शेट, शेट, याचं मोल सांगा."

चिचुंद्रीचा वास आला, शेटनं नाक धरलं. नाणं उलटं केलं, सुलटं केलं. मग हसला.

"हे तर पितळ! याचं मोल एक फुटाणा."

फुटाणा फेकला. नाणं पेटीत टाकलं. खट्ट!

चुंचीचं नाणं गेलं. डोळ्यांत पाणी आलं. पण फुटाण्याला तिनं तोंड लावलं नाही.

"दगडावर घासा, शेट. सोनं की पितळ, दगड सांगेल."

"हट् गं चिचुंद्रे! आधी तेल आण, मग नाणं घासतो."

चुंची निघाली. तुरुतुरु, चुं चुं! गेली गोदाक्का तेलिणीकडे.

"गोदाक्का, गोदाक्का, तेल दे!
शेट नाणं घासेना,
माझ्या नाण्याचं मोल कळेना!"

गोदाक्कानं नाक धरलं.

"हट् गं चिचुंद्रे! आधी बैल उठव, मग तेल देते."

चुंची निघाली. तुरुतुरु, चुं चुं! गेली बैलाकडे.

"बैलोबा, बैलोबा, घाणा ओढ!
अक्का तेल देईना,
शेट नाणं घासेना,
माझ्या नाण्याचं मोल कळेना!"

बैलानं शेपूट झटकलं. सट्ट!

"हट् गं चिचुंद्रे! आधी चारा आण, मग घाणा ओढतो."

चुंची निघाली. तुरुतुरु, चुं चुं! गेली नारबाच्या शेतात.

"नारबादादा, नारबादादा, चारा काप!
बैल घाणा ओढेना,
अक्का तेल देईना,
शेट नाणं घासेना,
माझ्या नाण्याचं मोल कळेना!"

नारबानं नाक धरलं. बोथट विळा तिच्यापुढं टाकला.

"हट् गं चिचुंद्रे! आधी धार लावून आण, मग चारा कापतो."

विळा केवढा! चुंची केवढीशी! ओढत ओढत नेला. सरक सरक, चुं चुं! गेली लोहाराकडे.

"लोहारदादा, लोहारदादा, धार लाव!
नारबा चारा कापेना,
बैल घाणा ओढेना,
अक्का तेल देईना,
शेट नाणं घासेना,
माझ्या नाण्याचं मोल कळेना!"

लोहारानं नाक धरलं.

"हट् गं चिचुंद्रे! माझा भाता फाटलाय. आधी डिंक आण, मग धार लावतो."

चुंची दमली. पाय दुखले. तरी निघाली. तुरु… तुरु… चुं… चुं… गेली बाभळीकडे.

"बाभळीबाई, बाभळीबाई, डिंक दे!
लोहार धार लावेना,
नारबा चारा कापेना,
बैल घाणा ओढेना,
अक्का तेल देईना,
शेट नाणं घासेना,
माझ्या नाण्याचं मोल कळेना!"

बाभळ हट् म्हणाली नाही.

"अगं, घे की! पण मला काटे आहेत हं. जपून चढ."

चुंचीला दिसायचं कमी. काटे टोचले. टुच्! टुच्! पायातून रक्त आलं. बाभळीला फार वाईट वाटलं. तिनं फांदी खाली वाकवली. पण काटे काही तिला काढून ठेवता येईनात.

चुंचीनं डिंक आणला.

लोहारानं भाता चिकटवला. फुस् फुस्! विळ्याला धार लावली.
नारबानं चारा कापला. सप सप!
बैलानं चारा खाल्ला, घाणा ओढला. कुर्र कुर्र!
अक्कानं तेल दिलं. टप टप!
शेटनं नाणं घासलं. घस घस!

दगडावर उमटली रेघ. पिवळीधमक!

तोवर सगळे दुकानापाशी जमले होते. शेटचं तोंड उतरलं.

"सोनं आहे," तो हळूच म्हणाला.

"मोठ्यानं सांगा, शेट."

"सोनं आहे! अस्सल, जुनं सोनं!"

"मोल किती?"

"तीन पोती बाजरी."

"सकाळी एक फुटाणा म्हणालात."

शेटनं माप हातात घेतलं. गोदाक्का म्हणाली, "माप नीट घाल रे धोंडू. आम्ही बघतोय!"

शेटनं तीन पोती भरली. काठोकाठ.

आता कोणी नाक धरलं नाही.

"चुंचीताई, पाणी देऊ का?" गोदाक्का म्हणाली.
"चुंचीताई, दमलीस गं!" नारबा म्हणाला.
"चुंचीताई, बस ना जरा!" लोहार म्हणाला.
"चुंचीताई, पोती मी वाहतो. तू माझ्या पाठीवर बस," बैल म्हणाला.

चुंचीनं सगळ्यांकडे पाहिलं.

"सकाळीही मी चुंचीच होते," ती म्हणाली.



बैलानं पोती वाहिली. चुंची त्याच्या पाठीवर बसली नाही. दुखऱ्या पायांनी मागून चालत गेली.

बिळात पिल्लं बाजरी जेवली. कुरुम कुरुम! पोटं टम्म फुगली. पिल्लं आईला बिलगून झोपली.

मग चुंची जेवायला बसली. एक दाणा खाल्ला. दुसरा खाल्ला.

पोट भरलं. पण 'चुंचीताई' ही हाक सोन्याला होती, चुंचीला नव्हती. चुंचीला घास गोड लागेना.