सटवाजीच्या हातातला दोर

एका राज्यात एक विहीर होती. तिच्या तळाशी सोनं होतं, पण पाणी नव्हतं. मांत्रिकाने शाप दिला होता, "माणूस माणसाचा दोर शेवटपर्यंत धरत नाही. हे खोटं ठरेल त्या दिवशी पाणी येईल." तीन वर्षं राज्य तहानलेलं होतं.

पाणी सोडवायला मालोबा विहिरीत उतरला. वर दोर धरून म्हातारा सटवाजी उभा होता. मालोबा वर आला नाही, आला तो कापलेला दोर. लोकांनी सटवाजीचं नाव दोरकाप्या ठेवलं. मालोबाचा धाकटा भाऊ सुभान तर त्याला मारायलाच धावला होता.

भाऊ तिथे खाली आणि आपण इथे वर, सुभानला घास गिळेना. त्याला आणायचाच, म्हणून त्याने दोर चिंचेला बांधला. तो अर्ध्यात उतरला तशी चिंच मुळांवर चालत काठाशी आली. तो कसाबसा वर चढला. दुसऱ्या दिवशी दोर शिळेला बांधला. शिळा भिजल्या पिठासारखी झाली.

काठावरचा भारद्वाज पक्षी म्हणाला, "इथे झाड उपयोगाचं नाही, दगड उपयोगाचा नाही. माणूस आण."

"माणसं मी पाहिली आहेत," सुभान म्हणाला.

"मग भावाला राहू दे तिथेच."

तिसऱ्या दिवशी तो दारोदार फिरला. कुणी आलं नाही. न बोलावता आला तो सटवाजी.

"दोर मी कापला नाही," म्हातारा म्हणाला. "मान, नाहीतर नको मानू."

पुरावा काहीच नव्हता. तरी सुभानने दोर म्हाताऱ्याच्या हाती दिला.

तळाशी मालोबा दगड होऊन उभा होता. मुठीत विळा, कमरेला दोराचा तुकडा, नजर वर. सुभानने त्याला मिठी मारली आणि त्याचंही अंग शिळेसारखं जड झालं. वरून माती पडू लागली. म्हाताऱ्याचे पाय काठाकडे घसरत होते. भावाने दोर कुणासाठी कापला, ते सुभानला तेव्हा कळलं. त्यानेही त्या मुठीतला विळा ओढून घेतला.

"कापू नकोस, पोरा," वरून आवाज आला. "थांब जरा."

एका दोराला एकच माणूस, असा त्या राज्याचा रिवाज. दोर धरणाऱ्याने मदत मागणं म्हणजे लाज. मागच्या वेळी सटवाजी त्या लाजेपायी गप्प राहिला होता. आज त्याने लाज सोडून हाक मारली. पहिली तेलीण आली, तेलाचे हात लुगड्याला पुसत. मग चाळीस जण आले.

"मेल्या, ही हाक आधी मारायला काय झालं होतं?" असं म्हणत तेलिणीने दोर ओढला.

दोघे भाऊ वर आले. सोनं खाली राहिलं आणि त्यावर पाणी चढलं. सुभानचं अंग हलकं झालं. मालोबाच्या अंगावरचा दगड गळला, पण श्वास परतला नाही. चेहरा तेवढा झोपल्यासारखा झाला. राजाने तो रिवाज रद्द केल्याची दवंडी पिटवली.

पाण्याची पहिली घागर सुभानने काढली. सगळे तहानलेले असूनही कुणी ओंजळ पुढे केली नाही. त्याने ती घागर सटवाजीच्या सोललेल्या तळहातांवर हळूहळू ओतली.