मडक्यावरचे दोन थेंब

"...मग रक्ताला शपथ कोण घालणार, माई? तूच सांग."

मठाच्या ओसरीवर रणजितचा आवाज चढला होता. समोर तिवईवर काठोकाठ भरलेलं कोरं मडकं. नदीवरून त्यानेच आणलेलं.

या मठाचा रिवाजच तसा. ज्याला काही सोडायचं असेल त्याने कोरं मडकं भरून आणायचं आणि त्यावर तळहात टेकवायचा. तीच शपथ, बोलावं लागत नाही.

हा मात्र हात पाठीमागे बांधून उभा.

खाली पायरीशी त्याची बायको लेकराला घेऊन थांबली होती. हात न टेकवता उतरलात तर मी इथूनच माहेरी जाणार, एवढंच ती म्हणाली होती.

शहरातल्या डॉक्टरांनीच सांगितलंय, असं त्याचं चाललं होतं. जुगाराची ओढ काहींना जन्मतःच जास्त असते, जनुकांतून येते. आजा बैलांच्या शर्यतीवर लावायचा, बाप पत्त्यांवर, आणि हा मोबाईलवर. डॉक्टर त्यापुढेही काही बोलले होते. ते याला आठवत नव्हतं.

माई ऐकत होती. त्याच्या बापाची ती सख्खी बहीण, तरुणपणीच मठात आलेली.

"तुला नाही कळायचं ते," तो म्हणाला. "आमच्यात हे पुरुषांत उतरतं."

"अस्सं..."

पुरुषांचं हे बरं असतं. जमीन वाटून घेतात तसा दोषही आपसातच वाटून घेतात. बहिणीला त्यातही हिस्सा नाही.

कोरं मडकं पाझरू लागलं होतं. गळ्याखाली दोन थेंब शेजारी शेजारी फुगले आणि निघाले. रणजित बोलता बोलता थांबला.

"उजवा," माई म्हणाली.

"काय?"

"डावा जाड आहे, पण खडबडीला अडेल. उजवा."

डावा अडला. उजवा सुसाट. रणजित गुडघ्यांवर आला. तेवढ्यात डाव्याने वाटेतला एक थेंब गिळला आणि तो असा सुटला की बघत राहावं. बरोबरीला आला... आत्या-भाच्याची डोकी मडक्याला लागायची बाकी.

रणजितने वर माईकडे पाहिलं. पत्ता उलटताना बापाचे डोळे असेच व्हायचे.

"आत्या... तूसुद्धा?"

तिला उत्तर द्यायला सवड नव्हती. श्वास कोंडला होता. बुडापर्यंत बोटभर अंतर...

माईने तळहात पुढे केला आणि दोन्ही थेंब पुसले.

तिला अडवायला त्याचा हात झेपावला. उशीर झाला होता. तिच्या हाताशेजारी, ओल्या मडक्यावर तो टेकला.

"अगं, काय केलंस हे? कोण जिंकलं असतं?"

हात काढायचं त्याला सुचलं नाही.

"रोज बघते रे," माई म्हणाली, "पण ते मला आजवर एकदाही कळलेलं नाही."