कवचाचा आकडा

“म्हणजे दादा चुकलाच ना, नाना?”

उदयनने विचारलं.

मिरजेच्या घराच्या माळ्यावर त्याने अंतराळयानाचा कक्ष उभा केला होता. प्लायवुडच्या भिंती, मोडीतल्या मोटारीची सीट. पण समोरचे पडदे असे की, ज्यांनी त्याच्या दादाला, जयवंतला, यान चालवायला शिकवलं ते नानाही वाकून एकेक पडदा निरखू लागले.

“हुबेहूब आहे,” ते म्हणाले.

झालं, उदयनची छाती फुगली. परतीच्या वाटेवर जळालेल्या त्या यानात त्याचा सख्खा थोरला भाऊ होता, आणि हा त्याच्या मरणावर आपली हुशारी पाजळत होता. बघवत नव्हतं.

“यानाखालचं कवच तापायला लागलं की यान कलतं करायचं, एवढंच तर होतं. मी रोज सुखरूप उतरवतो. दादाला नाही जमलं. वहिनी सारखी विचारते, ते वाचले असते का म्हणून. खाली बसलीय. आज सांगून टाकतो.”

“आधी मला दाखव.”

उदयन सीटवर बसला. पडद्यावर पृथ्वी जवळ येऊ लागली. कवचाचा आकडा चढला, तांबडा झाला. त्याने दांडा वळवला. आकडा उतरला, यान अलगद समुद्रात टेकलं.

“हा आकडा कुठून आणलास?”

“चौकशीच्या अहवालातून. अगदी खरा आहे.”

“त्यांना कसा मिळाला?”

“समुद्रातून जळके तुकडे काढले, त्यांवरून. वर्ष गेलं त्यात.”

“आणि जयवंतच्या पडद्यावर कोणता होता?”

“त्याचा सेन्सर आधीच बिघडला होता,” उदयन खालच्या आवाजात म्हणाला. “शेवटपर्यंत हिरवाच आकडा दिसत राहिला. पण तो खोटा होता, नाना. खोटा आकडा कसा लावू?”

“लाव.”

उदयनला मिरच्या झोंबल्या, पण नानांपुढे कोणाचं चाललंय? त्याने पडद्यावरचा आकडा बदलला. यान पुन्हा निघालं.

ठरलेल्या वेळी त्याचा हात दांड्याकडे गेला. नानांनी मनगट धरलं.

“का वळवतोस?”

“कवच तापलंय.”

“कोण म्हणतं?”

उदयनने पडद्यांकडे पाहिलं. एकूणएक आकडा हिरवा होता.

नानांनी मनगट सोडलं. हात दांड्यावर गेला नाही, मांडीवर येऊन पडला.

थोड्या वेळाने सगळे पडदे एकदम काळे झाले.

उदयनला रडू फुटलं, लहान मुलासारखं, आवाज करून. इतके दिवस तो भावाला नावं ठेवत होता आणि त्याला ते गोड लागत होतं.

“भाऊजी?” खालून वहिनीचा आवाज आला. “काय झालं? मी येऊ का वर?”

जिन्यावर पावलं वाजू लागली.

“नाना, आता तिला काय सांगू?”

नानांनी वाकून यान पुन्हा सुरू केलं. आकडा हिरवाच ठेवला.

“तू ऊठ. तिला बसू दे.”