पहिल्या कळेचं औषध

"जंतू सापडलाय, औषध कपाटात आहे. मग आज का द्यायचं नाही?"

प्रश्न डॉक्टर मल्लेशचा होता. पदवीची शाई अजून वाळायची होती, पण आवाज मात्र प्राध्यापकाचा.

समोर अक्का होत्या. भगव्या लुगड्यावर पांढरा कोट घालणाऱ्या संन्यासिनी डॉक्टर. मठाच्या प्रसूतिगृहात त्यांची उभी हयात गेली होती. मल्लेश त्यांच्याकडे शिकायला आला होता, निदान त्याचे वडील तरी तसं सांगत.

बाकावर गौरव्वा बसली होती. तिला नववा लागला होता आणि तपासणीत एक जंतू सापडला होता. बऱ्याच धडधाकट बायकांच्या अंगात तो गुपचूप नांदतो, त्यांना काही करत नाही. बाळंत होताना मात्र बाळाला लागू शकतो. गौरव्वाचं पहिलं बाळ दुसऱ्याच दिवशी तापाने गेलं होतं. कशामुळे, ते तेव्हा कुणी तपासलं नाही. सासूने मात्र निकाल देऊन टाकला होता, की सूनच अस्वच्छ.

अक्का म्हणाल्या, "आज मारला तर बाळंतपणापर्यंत परत येतो. कळा सुरू झाल्या की शिरेतून औषध द्यायचं."

"म्हणजे शत्रू घरात ठेवून हातावर हात धरून बसायचं?"

"बसायचं."

मल्लेशला हे पटणं शक्यच नव्हतं. अक्का आतल्या बाळंतिणीकडे गेल्या, तसं त्याने गोळ्यांचं पाकीट गौरव्वाच्या हातात ठेवलं. एवढ्या संपवल्या की सगळं साफ, असं छातीठोकपणे सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. तो पाहून मल्लेशलाही फार बरं वाटलं.

अक्का परत आल्या तेव्हा गौरव्वा पिशवी आवरत होती.

"कुठं निघालीस?"

"माहेरला, अक्का. डोंगरापल्याड. आता साफच हुणार म्हटल्यावर हितं कशाला ऱ्हायचं? सुईण हाय की तिथं."

मल्लेशचं तोंड उतरलं. दुसरं बाळंतपण लवकर उरकतं. शिरेतलं औषध बाळ येण्याआधी निदान चार तास तरी सुरू व्हायला हवं, हे त्यानेच परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

अक्कांनी गौरव्वाच्या हातातलं पाकीट हलकेच काढून घेतलं आणि मल्लेशच्या तळहातावर ठेवलं.

"तू घे. तुला बरं वाटेल."

...

मल्लेशने पाकीट कपाटात परत ठेवलं. मग गौरव्वासमोर फरशीवर बसला आणि आपण चुकीचं सांगितलं, हे तिला सांगितलं. आजच्या गोळ्यांनी बाळ वाचणार नव्हतं. पहिली कळ आली की तिने इथे असणं गरजेचं होतं. मठात खोली होती, तिथे राहता येणार होतं.

गौरव्वाने मान खाली घातली. "म्हंजे ही घाण माझ्यातच ऱ्हाणार?"

"घाण नव्हे," अक्का म्हणाल्या. "माझ्यातही असेल. तुझ्या सासूतही असेल."

गौरव्वाला हसू फुटलं. ती राहिली. सासूने आकांडतांडव केलं, तरी राहिली.

एका सकाळी पहिली कळ येताच तिने मल्लेशला हाक मारली. त्याने लगेच सलाईन लावून औषध सुरू केलं आणि मग बसून राहिला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं. दुपार कलल्यावर मुलगी झाली.

पुढचे दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून बाळ पाहिलं. ताप नाही. श्वास नीट. अंगावर पीत होती. पहिलं बाळ गेलं तो दुसरा दिवसही उलटला, तेव्हा गौरव्वा मोकळेपणाने रडली आणि मल्लेशचेही डोळे भरून आले.

गौरव्वा घरी निघाली त्या दिवशी मल्लेशने भीत भीत विचारलं, "अक्का, तो जंतू आता तिच्यातून गेला असेल ना?"

"नसेल गेला."

"मग... आपण जिंकलो कुठे?"

अक्का बाळाला दुपट्यात गुंडाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"जिंकायला कोण गेलं होतं? आपण बाळाला आणायला गेलो होतो."