राजकन्येच्या गोधडीचे भरण

एका राज्यात चैत्राचे ऊन रणरणत असले, तरी राजवाड्यातला एक महाल थंडगारच राही. तिथे राजा शूरकेतूची एकुलती लेक कुमुदिनी कुडकुडत पडलेली असे. तिच्या उशाशी ठेवलेले ऊन दूधही गोठून जाई.

हा शाप होता, आणि तो राजाने आपल्या हाताने ओढवून घेतला होता. राणी मृणालवतीने बाळंतपणाआधी नेसून नेसून मऊ झालेली लुगडी बाळाच्या गोधडीत भरायला बाजूला काढली होती. राजाने नाक मुरडले.

"राजकन्येच्या अंगावर जुनेर? फेकून द्या ते."

"नवं कापड बाळाला टोचतं, महाराज," राणी एवढेच म्हणाली. राजाने ऐकले नाही. राणी बाळंतपणातून उठली नाही.

बारशाला एक जोगीण आली. तिने बाळाच्या पाळण्यात हात घालून पाहिला आणि म्हणाली, "आईनं ठेवलेली माया तू फेकलीस. गोधडीत योग्य भरण पडेपर्यंत या लेकीला ऊब लागायची नाही."

पोर तशीच वाढली. आता थंडी काळजाशी पोचली होती. वैद्य म्हणाले, येत्या पुनवेपर्यंत ऊब मिळाली नाही तर राजकन्या हाती लागणार नाही.

राजा स्वतः निघाला. सर्पाने राखलेल्या सावरीचा कापूस त्याने आणला. गोधडीत भरताच तो दहिवराने भिजला. चंद्रसरोवरातल्या हंसांची पिसे आणली; ती गोधडीसकट खिडकीतून उडून गेली. त्यांना घरची ओढ, त्यांचे तरी काय चुकले? शेवटी राक्षसाच्या सोनेरी मेंढ्याची लोकर आणली. तिच्यापायी राजाने दोन बोटे गमावली, आणि लेकीच्या अंगावर पडताच ती लोकर दगडासारखी जड झाली.

"आबासाहेब, आता पुरे," कुमुदिनी म्हणाली. "तुम्ही इथंच बसा."

तेव्हा खिडकीत येऊन बसलेली सुगरण पक्षीण बोलली. "राजा, तू सगळं दुरून आणलंस. पिल्लांना ओळखीचं लागतं."

"ते मी फेकायला लावलं."

"दासीला फेकवेना. धडसं कापड होतं. तुझ्याच दाराशी पाहा."

राजाच्या दाराशी पायपुसणे होते. शिकारीचा चिखल, घोड्याची लीद, पावसाळ्यातली माती, सगळे त्याने रोज त्याच्यावर पुसले होते. कडेला राणीच्या लुगड्याचा हिरवा काठ अजून दिसत होता. राजा उंबऱ्यावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

दासी पुढे झाली. त्याने तिला मागे सारले. रिठ्याच्या पाण्यात ते जुनेर त्याने स्वतःच धुतले, वाळवले, आणि उरल्या बोटांनी वेडेवाकडे टाके घालून गोधडी शिवली.

गोधडी अंगावर पडली. महालाच्या छताचे बर्फ ठिबकू लागले, दूध पातळ झाले, लेकीचे गाल लाल झाले. शाप सुटला. राज्यात पुन्हा नौबत झडली.

कुमुदिनीने गोधडी नाकाशी धरली. "आबासाहेब, आईसाहेबांना असाच वास यायचा?"

गोधडीला रिठ्याचा वास होता, आणि त्याखाली थोडा चिखलाचा. राणीचा वास कसा होता, हे राजाला आठवेना.

"हो बाळ," तो म्हणाला. "असाच."