चंदनाची अक्षरं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात सगुणा नावाची एक तरुणी राहत होती. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. पाठशाळेच्या ओसरीवर बसून, नुसतं ऐकून ऐकून, ती गणित शिकली, व्याकरण शिकली. तिला शिक्षिका व्हायचं होतं.

आचार्य म्हणाले, "बाई, तुझी बुद्धी मोठी आहे. पण जिला स्वतःला वाचता येत नाही, ती मुलांना वाचायला कशी शिकवणार?"

सगुणा राजाकडे गेली. राजा मनाचा मऊ होता. तो म्हणाला, "तुझ्यासाठी बोटांनी वाचता येतील अशी अक्षरं करून घेतो."

दरबारचा सुतार केरबा कामाला लागला. त्यानं चंदनाच्या पाट्यांवर उठावाची अक्षरं कोरली. प्रत्येक अक्षराला वेलबुट्टी, कडेनं मोर, वरून लाखेची चकाकी. पाहणाऱ्याची नजर हटू नये असं काम!

समारंभ ठरला. राज्यातल्या अंध माणसांना मानानं बोलावलं. एकेकानं पाटीवरून हात फिरवला.

"छान आहे, महाराज," एक म्हातारा म्हणाला.

"फारच छान," दुसरा म्हणाला. राजासमोर आणखी काय बोलणार?

मग सगुणाची पाळी आली. तिची बोटं पाटीवर फिरली, अडखळली, परत मागे आली. वेल कुठे संपते आणि अक्षर कुठे सुरू होतं, काही कळेना. गप्प बसावं, तर सगळे म्हणतील, इतकं करूनही यांना वाचता येत नाही. बोलावं, तर राजाचा अपमान.

"महाराज," ती हळूच म्हणाली, "पाटी गुळगुळीत आहे, वासही गोड आहे. पण मला यातलं एकही अक्षर वाचता येत नाही."

प्रधान संतापला. "एवढं करूनही उपकाराची जाण नाही!"

राजाचा चेहरा उतरला. "मग तुला हवं तरी काय होतं?"

"महाराज, हे कुणी मला आधी विचारलंच नाही."

राजा केरबाकडे वळून म्हणाला, "उद्यापासून हिला विचारून काम कर."

केरबाला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी सगुणा त्याच्या कामाच्या जागी आली, तेव्हा त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही.

"केरबाकाका," ती म्हणाली, "एकदा डोळे मिटून तुमचीच पाटी वाचा ना."

त्यानं रागारागात डोळे मिटले. 'म' कुठला, 'भ' कुठला, त्याचं त्यालाच लागेना. त्यानं डोळे उघडले आणि मुकाट्यानं नवी फळी पुढे ओढली.

त्यानं वेलबुट्टी काढून टाकली. तरी अक्षरं एकमेकांत मिसळत. मोठी केली, तर एका बोटाखाली मावेनात. धारदार केली, तर बोटं सोलवटली. केरबा कंटाळला.

एकदा फळी चाचपताना सगुणाचं बोट थबकलं. "काका, हे काय?"

"ते होय? खिळ्याचं डोकं. फळी ठोकलीय तिथं."

"हे मला लगेच कळलं!"

मग दोघांनी बारीक पितळी खिळ्यांची अक्षरं बसवली. एका अक्षराला एक मांडणी, दुसऱ्याला दुसरी. सगुणा सांगे, केरबा ठोके, सगुणा वाचून पाही. चुकलं की केरबा खिळा उपटून पुन्हा ठोके.

शेवटी एक अख्खा धडा खिळ्यांनी बसवलेली फळी घेऊन दोघं पाठशाळेत गेली. आचार्य कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ही कसली अक्षरं? मला तर एकही कळत नाही."

"शिकलात तर कळतील, आचार्य," सगुणा म्हणाली. "मी शिकवेन."

आणि तिनं फळीवरचा धडा बोटांनी सलग वाचून दाखवला. केरबा दाराशी उभा होता. त्यानं पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले.

सगुणा त्या पाठशाळेत शिक्षिका झाली. तिच्या वर्गात दिसणारी आणि न दिसणारी मुलं एकाच बैठकीवर बसू लागली. आचार्यही ती अक्षरं शिकले, जरा सावकाश शिकले, पण शिकले. आणि राजानं पुढे घाट बांधला, धर्मशाळा बांधली, तेव्हा पहिला दगड बसवण्याआधी तिथं रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं.

तात्पर्य : ज्याच्यासाठी सोय करायची, त्यालाच आधी विचारावं.