गेनूनं राखलेला गड

डोंगराखालच्या एका गावात एक भोळा गडी राहायचा, गेनू. सांगितलं तेवढंच करणारा म्हणून त्याची ख्याती. वरच्या पडक्या गडाला राखणदार हवा होता, तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या पानवलकर साहेबांनी त्यालाच नेमलं. बजावलं, की गडावरचा एकही दगड हलता कामा नये.

आठवड्याभरात एक पाहुणा बुरुजावरून घसरला आणि त्याचा पाय चिऱ्याखाली सापडला. गेनू धावत आला. दगड हलवायचा नव्हता, म्हणून शेजारी बसला. पाणी पाजलं, भाकरी भरवली, घरी कोण कोण असतं विचारलं. संध्याकाळी गुराख्यांनी येऊन त्या माणसाला सोडवलं.

साहेब संतापले. म्हणाले, माणूस अडकलेला दिसला की सरळ पहार घालायची, बघत बसायचं नाही. गेनूनं मान डोलावली.

मग टिळवे मास्तर आले. गड कुणी बांधला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते शोधण्यात मास्तरांची बारा वर्षं गेली होती. ते चोरदिंडीत, म्हणजे गडाच्या छुप्या बुटक्या दारात, पालथे पडून माप घेत होते. बाहेर नुसते पाय. गेनूनं पहार घातली. मास्तर ओरडले, अडकलेला माणूस ओरडणारच. सहाशे वर्षं उभी असलेली दिंडी आडवी झाली आणि मुळात न अडकलेले मास्तर सुखरूप बाहेर आले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "जुन्याला बोट लावायचं नाही. भिंतीवर कुणी नवीन अक्षरं कोरली, तर तेवढी काढून टाक."

गेनूनं छिन्नी आणली.

पण पडलेल्या दिंडीमागे मास्तरांना एक शिलालेख दिसला. त्यांचे डोळे भरून आले. "हा गड बांधिला" एवढं वाचेपर्यंत दिवस मावळला. नाव पुढच्या ओळीत होतं, ते सकाळी वाचायचं ठरलं. गड उतरताना ते साहेबांना पुन्हा पुन्हा सांगत होते, की नवीन लेख सापडला, अगदी नवीन. गेनू मागेच होता.

सकाळी दोघं वर आले, तर भिंत तव्यासारखी गुळगुळीत. गेनूच्या हाताला फोड आले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मास्तर मटकन खाली बसले. साहेबांनी नुसतं बोट दाखवलं. लेखाशेजारी, दिंडीनं कधीच न झाकलेल्या भिंतीवर, कुणीतरी कोरलेलं 'सदू आणि कांता' तेवढं शाबूत होतं.

"ते जुनं आहे साहेब," गेनू म्हणाला. "मी लहानपणापासून बघतोय. त्याला बोट लावलं नाही."